पंप नवा टाकला तरी गाडी बंद पडतेय? आधी बघा पंपाला करंट पुरतोय का

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी तासभर चालली की चालता चालता बंद पडते, झटके वगैरे काही नाही, सरळ बंद. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. गॅरेजवाल्याने फ्युएल पंप बदलला, काही दिवस बरी होती, परत तेच. इलेक्ट्रिशियनने टाकीजवळचा कपलर (पंपाच्या वायरी जोडणारा प्लग) काढून मीटर लावला तर बारा व्होल्ट आले, म्हणजे वायरिंग ओके, आता ईसीएमच (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय म्हणतो. बदलू का?

उत्तर : नको हो, इतक्यात अजिबात नको. कपलर काढून मोजलेले बारा व्होल्ट म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. मल्टिमीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी तो आरामात बारा दाखवेल, आणि पंप लावला की तीच वायर मान टाकते. पंप साधारण ४ ते ८ अँपियर ओढतो. समजा जळक्या पिनेवर फक्त १ ओहमचा अडथळा आलाय आणि ५ अँपियर वाहतायत, तर ५ व्होल्ट तिथेच खाल्ले, पंपाला उरले सात. सातवर पंप फिरतो कसाबसा पण प्रेशर देत नाही.

नवीन पंपावर काही दिवस गाडी बरी चालली त्याचंही मला फार नवल वाटत नाही. पंप बदलताना कपलर काढला-घातला, पिना एकमेकींवर घासून थोड्या साफ झाल्या, तेवढ्यावर चालली असणार. जुना पंप बहुतेक चांगलाच होता!

आता मोजायचं कसं, तर कपलर लावलेला ठेवून, पंप चालू असताना. कपलरच्या मागच्या बाजूने वायरशेजारून बारीक पिन आत सरकवायची (वायरचं कव्हर भोसकू नका, पुढे तिथूनच पाणी शिरतं). मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला, काळा पंपाच्या प्लस वायरला लावा, हवं तर लांब वायर जोडून घ्या. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत गळतायत. मग अर्थची (करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची) बाजू, लाल पंपाच्या अर्थ वायरला आणि काळा बॅटरीच्या मायनसला. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक, दीड-दोन आला तर चोर सापडलाच समजा. अर्थची बाजू लोक तपासतच नाहीत, पण बॉडीला बसवलेला अर्थचा बोल्ट गंजला तर प्लसची वायर कितीही चांगली असून काय उपयोग.

प्लसकडे गळती निघाली तर टप्प्याटप्प्याने मागे या, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणजे रिले, म्हणजे ईसीएमच्या हुकमावर पंपाचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या ३० आणि ८७ या (करंट आत येणाऱ्या आणि पंपाकडे जाणाऱ्या) पिनांवर, रिले ओढलेला म्हणजे चालू झालेला असताना, मीटर जेमतेम शून्याच्या आसपास दाखवायला हवा. आतले पॉइंट (करंट जोडणारी टोकं) जळून काळे पडले असतील तर इथेच व्होल्ट दिसतील. कधी पॉइंट चांगले असतात पण आतल्या सोल्डरला केसासारखी चीर गेलेली असते, गरम झालं की उघडते, गार झालं की जुळते. तुमच्या लक्षणाशी हे अगदी जमतं. त्याच नंबरचा दुसरा रिले गाडीत असेल तर अदलाबदल करून चालवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. रिले काढलाच आहे तर खालच्या सॉकेटचं प्लॅस्टिक तपकिरी झालंय का, पिन सैल झालीय का तेही बघा, कारण सॉकेट जळकं असेल तर नवा रिलेसुद्धा तसाच जळतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका, हे सगळं गाडी बंद पडलेली असतानाच, सेल्फ मारत मोजायला हवं, म्हणजे पंपाला करंट जायला हवा तेव्हा. गार गाडीवर सगळं ओकेच दिसणार. आणि त्याच वेळी स्कॅनर (ईसीएममधली माहिती दाखवणारं यंत्र) लावून सेल्फ मारताना आरपीएम (इंजिनचे फेरे) येतोय का बघा. शून्य दाखवत असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा सेन्सर) संशय घ्या. इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळलंच नाही तर तो पंपाच्या रिलेला अर्थ देणं थांबवतो (अपघातात इंजिन बंद पडल्यावर पंप पेट्रोल ओतत राहू नये म्हणून तशी सोय असते), सोबत स्पार्कही जातो. गरम झाल्यावर आतून सर्किट तुटणारा क्रँक सेन्सर हुबेहूब पंप गेल्यासारखा वागतो. आरपीएम येतोय, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) अडवत नाहीये, रिलेला ओढणाऱ्या कॉइलला एका बाजूने बारा व्होल्ट आहेत, ईसीएमपर्यंतची वायर सलग आहे आणि तरीही अर्थ मिळत नाही, एवढं सगळं झालं तरच ईसीएमचं नाव घ्या.

प्रश्न : पंपाचा २० अँपियरचा फ्यूज सारखा उडायचा. मेकॅनिकने ३० चा टाकला, आता उडत नाही. चालेल ना?

उत्तर : आजच्या आज काढा तो! फ्यूज वायर वाचवायला असतो, आता वायरच फ्यूज झालीय, आणि ती पेट्रोलच्या टाकीपर्यंत जाते. फ्यूज काढून त्याच्या जागी हेडलाइटचा साधा फिलामेंटचा बल्ब जोडा, टाकीजवळचा पंपाचा कपलर काढून ठेवा आणि रिले ओढलेला असू द्या. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग कुठेतरी बॉडीला लागतंय, मग सीटच्या पट्टीखाली, कार्पेटच्या कडेला हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत जा, बल्ब जिथे मिणमिणेल तिथे घासलेली वायर आहे. पेटलाच नाही तर पंप जाम होऊन जास्त ओढतोय किंवा टाकीच्या आतल्या वायरी गेल्यात. टाकी उघडायच्या आधी बॅटरीची मायनस काढा आणि जागा मोकळ्या हवेची असू द्या, पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

प्रश्न : स्कॅनरवर पी०२३० हा बिघाडाचा कोड आलाय. पंप गेला का?

उत्तर : नाही, तसं तो कोड म्हणतच नाही. पी०२३० म्हणजे पंपाच्या प्रायमरी सर्किटमध्ये गडबड, म्हणजे सहसा रिलेची कॉइल आणि तिला ईसीएमकडून येणारी वायर. पंपाकडे जाणाऱ्या मोठ्या करंटच्या बाजूचे कोड पी०२३१ आणि पी०२३२. तेव्हा रिलेपासून सुरुवात करा.

प्रश्न : पंप चालतो का बघायला बॅटरीवरून थेट वायर दिली तर?

उत्तर : साध्या रिलेच्या गाडीत रिले काढून ३० आणि ८७ मध्ये फ्यूज असलेली वायर टाकली तर चालतं, तेही थोडा वेळच. पण बऱ्याच नव्या गाड्यांत पंपाला वेगळा कंट्रोल मॉड्यूल असतो, तो करंट सेकंदात असंख्य वेळा चालू-बंद करून पंपाचा स्पीड ठरवतो. तिथे थेट वायर दिली तर मॉड्यूल उडू शकतो, आणि साधा मीटरही तिथे सरासरीच दाखवतो, आठ-नऊ व्होल्ट दिसले म्हणून लगेच घाबरू नका. अशा गाडीत स्कॅनरवरून पंप चालू करून बघा, किंवा ऑसिलोस्कोप (व्होल्टचा चढ-उतार आलेखात दाखवणारं यंत्र) असलेल्याकडे न्या.