‘निर्देशांक’ की ‘निर्देशक’?

प्रश्न महापेहून आलाय. भौतिकीतली सिम्युलेशनं पडद्यावर दाखवणाऱ्या एका सॉफ्टवेअरचे मेनू तिथं मराठीत आणतायत, आणि ‘कोऑर्डिनेट ट्रान्सफॉर्मेशन’ला, म्हणजे बिंदूची जागा सांगणारे आकडे एका पद्धतीतून दुसरीत मांडण्याला, ‘निर्देशांक रूपांतरण’ म्हणावं का, असं विचारलंय.

मी तरी म्हणणार नाही. या अर्थाचा ‘निर्देशांक’ हिंदी पाठ्यपुस्तकांतला. मराठीत निर्देशांक महागाईचा असतो, नाहीतर शेअर बाजाराचा. आपल्या नववीच्या गणितात ‘निर्देशक भूमिती’ आहे, ‘आरंभबिंदू’ आहे. पोरांना पाठ असलेले शब्द सोडून नवे कशाला?

‘रूपांतरणा’लाही माझी हरकत आहे, कारण इथं रूप कशाचंच बदलत नाही. ठाणे स्टेशन रेल्वेच्या हिशेबात सीएसएमटीपासून सुमारे ३४ किलोमीटरवर, नकाशाच्या हिशेबात साधारण १९.२ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. स्टेशन आपलं जागच्या जागी. तेव्हा बटणावर सरळ ‘निर्देशक पद्धत बदला’ लिहा. ‘फिरवा’, ‘सरकवा’ हे शब्द वस्तू खरोखर हलवणाऱ्या बटणांसाठी राखून ठेवा.

खरी गोची सदिशांची, म्हणजे वेगासारख्या, मूल्य आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींची. बिंदूला निर्देशक असतात, सदिशाला घटक (ठरावीक दिशांतले त्याचे भाग), आणि मेनूत हे दोन्ही वेगळे दिसायलाच हवेत. नळीत एकसारखा गोल फिरणारा प्रवाह घ्या. दंडगोली (सिलिंड्रिकल) पद्धतीत जागा अक्षापासूनचं अंतर, अक्षाभोवतीचा कोन आणि उंची यांनी सांगतात; तिथं त्याच्या वेगाचा त्रिज्येच्या दिशेचा घटक शून्य, स्पर्शिकेच्या दिशेचा घटक त्या वर्तुळावर सगळीकडे सारखा. तोच वेग एक्स, वाय, झेड अक्षांच्या कार्टेशियन पद्धतीत मांडला की एक्स आणि वाय घटक जागोजागी बदलतात, चिन्हंसुद्धा उलटतात. कुणी नुसते बिंदूंचे निर्देशक बदलले आणि घटक तसेच ठेवले, तर वेग दाखवणारे बाण भलतीकडे तोंड करतात. म्हणून दुसरा पर्याय ‘सदिशांचे घटकही बदला’ असा स्वच्छ शब्दांत द्या. लांबडा आहे, असू दे.

बाकी किरकोळ. ‘दंडगोली’ऐवजी शालेय ‘वृत्तचिती’वरून ‘वृत्तचितीय’ही करता येईल, पण मला ते बोलताना अडखळायला होतं. ‘कार्टेशियन’ फ्रेंच गणिती देकार्तच्या नावावरून आलंय, तसंच राहू द्या. केंद्रापासूनचं अंतर आणि दोन कोन वापरणाऱ्या गोलीय पद्धतीत मात्र नुसतं ‘थीटा’ लिहून सोडू नका. भौतिकीवाले झेड अक्षापासूनच्या कोनाला थीटा म्हणतात, गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत त्यालाच फाय म्हणतात. ‘झेड अक्षापासूनचा कोन’ असंच छापा.