अमेरिकेचे सिनेटर चक ग्रासली कोण आहेत आणि नव्वदी उलटूनही ते पदावर कसे टिकून आहेत?

मी ग्रासलींच्या रिपब्लिकन पक्षाच्या बाजूचा नाही, तेव्हा आरती ओवाळणार नाही. पण एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर असताना ज्यांचं नाव ऐकलं की पोटात गोळा यायचा ते हेच, त्यामुळे त्यांच्यावर नजर ठेवायची सवय लागली.

जन्म १९३३चा, आयोवा राज्यातल्या न्यू हार्टफर्ड गावचा, शेतकरी घरातला. राज्यशास्त्रात एम.ए. झाले आणि १९५८ मध्ये पंचविशीतच राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. तिथली आमदारकी अर्धवेळ, त्यावर घर चालत नाही. म्हणून शेतीच्या जोडीला कारखान्यात पत्रा कापायचं काम, पुढे असेंब्ली लाइन. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार करणाऱ्या वॉटरगेट प्रकरणामुळे रिपब्लिकन उमेदवार धडाधड पडत होते, तेव्हा हे वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात पोचले. १९८० मध्ये रेगन यांच्या लाटेत जॉन कल्व्हर यांना पाडून सिनेटर झाले, ते आजतागायत. २०२२ मध्ये, वयाच्या ८९व्या वर्षी, आठव्यांदा निवडून आले.

गर्भपाताला विरोध, करकपात, बंदुकीचा हक्क ही मतं त्यांच्या पक्षातल्या कुणाचीही असतात. मला विचाराल तर यांना मतं मिळाली हजेरीवर. आयोवात ९९ काउंटी आहेत, काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. सिनेटर झाल्यापासून दरवर्षी प्रत्येक काउंटीत एकदा तरी जाऊन लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं, हा त्यांचा नेम. सिनेटमध्येही तेच. जुलै १९९३ मध्ये आयोवात महापूर आला होता, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यासोबत पाहणीला गेल्यामुळे मतदान हुकलं. त्यानंतर थेट नोव्हेंबर २०२० मध्ये करोनामुळे. मधली २७ वर्षं, ८,९२७ मतदानं, एकही चुकलं नाही.

त्यांचं खरं मोठं काम मात्र १९८६चं आहे. सरकारला लुबाडणाऱ्या ठेकेदारांविरुद्ध लिंकन यांच्या काळातला एक कायदा धूळ खात पडला होता. ग्रासली आणि डेमोक्रॅट हॉवर्ड बर्मन यांनी त्याला पुन्हा दात बसवले. आतली माहिती देणाऱ्या माणसाला आता वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा मिळू शकतो. रॅनबॅक्सी या औषध कंपनीचं प्रकरण आठवत असेल. २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेत ५० कोटी डॉलर भरले आणि आतली माहिती देणारे तिचे माजी अधिकारी दिनेश ठाकूर यांना सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, ते याच कायद्याखाली. स्वतःच्याच पक्षाचं सरकार असताना पेंटॅगॉनच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या, उधळपट्टीवर बोट ठेवायलाही ते कचरले नाहीत. १९९१ च्या आखाती युद्धाविरुद्ध मत देणारे रिपब्लिकन सिनेटर दोनच, त्यातले एक हे.

आमच्यासारख्यांचा राग वेगळा. २००७ मध्ये डेमोक्रॅट डिक डर्बिन यांच्यासोबत त्यांनी भारतीय आयटी कंपन्यांना पत्रं पाठवून एच-१बीच्या वापराचा जाब विचारला, नियम आवळणारं विधेयक आणलं आणि पुढे ते पुन्हापुन्हा मांडत राहिले. त्रास झाला खरा, पण काम नसलं की बेंचवर बसवून पगार थकवणाऱ्या कन्सल्टन्सी आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. त्यांचे सगळेच प्रश्न काही चुकीचे नव्हते.

मला खटकतं ते २०१६. न्यायविषयक समितीचे अध्यक्ष असताना, निवडणुकीचं वर्ष आहे म्हणून, ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांची साधी सुनावणीही त्यांनी होऊ दिली नाही. २०२० मध्ये निवडणूक तोंडावर आलेली असताना त्याच न्यायालयासाठी ट्रम्प यांनी सुचवलेल्या एमी बॅरेट यांच्या बाजूने मात्र मत दिलं. बोलाचीच कढी म्हणायची ती ही.

आणि हो, ट्विटरवर (आता एक्स) ते स्वतःच लिहितात हे वाचताक्षणी कळतं. २०१२ मध्ये गाडीची हरणाला धडक बसली, तेव्हा टायरला घासणारं मडगार्ड ओढून सरळ केलं, पुढे शेतावर गेलो आणि हरीण मेलं असं धरून चाला, असं तारेच्या भाषेत कळवून मोकळे झाले होते.

नातू पॅट ग्रासली २०२० पासून आयोवाच्या प्रतिनिधिगृहाचा सभापती आहे, म्हणजे घराणेशाही तिथेही आहेच. आजोबांची मुदत जानेवारी २०२९ मध्ये संपते, तेव्हा ते ९५ वर्षांचे असतील.