बारावी विज्ञाननंतर ॲनिमेशन: एका आईच्या पत्रास उत्तर

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला, बी ग्रुपमध्ये (जीवशास्त्र घेऊन) आहे. सुट्टीत ती नर्स असलेल्या मावशीबरोबर छोटा उदेपूरकडील एका आरोग्य केंद्रात गेली होती. तेथे एका बाईने ओआरएसचे (जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीचे) अख्खे पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून बाळाला पाजायला घेतले, कारण पाकिटावरची सूचना तिला वाचता येत नव्हती. तेव्हापासून मुलगी म्हणते, अशा लोकांसाठी ॲनिमेशन करायचे. आम्हाला वाटते, तिने नर्सिंगला जावे. काय करावे? (एक आई, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपल्या मुलीने नेमके दुखणे हेरले आहे. एक लिटर पाण्यात मिसळायचे पाकीट पेल्यात कालवले तर त्या द्रावणाने बाळाच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. आणि छापील भित्तिपत्रकातील चौकटी कोणत्या क्रमाने पाहायच्या, किंवा लाल फुली म्हणजे 'असे करू नका', हेसुद्धा न शिकलेल्या माणसाला आपोआप कळत नाही. हलत्या चित्रात पाकीट फुटते, पाणी ओतले जाते, भांडे भरते, म्हणजे क्रम दाखवावाच लागत नाही, तो घडतो. एकच चित्रफीत राठवी (छोटा उदेपूरकडील आदिवासींची बोली), गुजराती, मराठी अशा अनेक भाषांत वापरायची असेल, तर पात्रांचे ओठ शब्दांबरहुकूम हलवायचे नसतात आणि प्रत्येक दृश्यात थोडी मोकळी जागा ठेवावी लागते, कारण तेच वाक्य एका भाषेत आखूड होते तर दुसरीत लांबते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेला 'सायंटिफिक ॲनिमेशन्स विदाउट बॉर्डर्स' हा उपक्रम याच पद्धतीने, मूळ चित्रे कायम ठेवून, निरनिराळ्या भाषांत आवाज भरतो.

अहमदाबादच्या एनआयडीमध्ये (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) ॲनिमेशन फिल्म डिझाइन हा पदवीचा विषय आहे आणि त्याची प्रवेश परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते. मात्र जागा थोड्या व चुरस मोठी. आपल्या घराजवळच सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये अप्लाइड आर्ट आहे, आणि त्याच विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन अँड कम्युनिकेशन विभागाकडेही मी आपले लक्ष वेधतो, कारण लोकांपर्यंत माहिती कशी पोचते हाच त्याचा विषय आहे. महागड्या सॉफ्टवेअर क्लासला आत्ताच पैसे भरू नयेत. ब्लेंडर हे ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. निव्वळ आरोग्याच्या कामावर पूर्णवेळ नोकऱ्या कमी आहेत, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे जाहिरात किंवा शैक्षणिक चित्रफितींवर पोट भरावे लागेल, हे तिला आधीच सांगावे. नर्सिंगचा आग्रह मी धरणार नाही, पण जीवशास्त्र मात्र तिने मन लावून पुरे करावे.

बोर्डाची परीक्षा झाली की तिने ओआरएसवर अर्ध्या मिनिटाची, एकही अक्षर नसलेली चित्रफीत करावी, आणि एक लिटरचे माप तेथील घरांत खरोखर असते त्याच भांड्याने दाखवावे. मग मावशींच्या मोबाइलवर ती तेथील दोन-तीन बायांना दाखवून, 'समजले का?' असे न विचारता, पाकीट, भांडे आणि पाणी पुढे ठेवून करून दाखवायला सांगावे. जेथे त्यांचा हात अडेल, तेथले चित्र तिने पुन्हा काढावे.