अमेरिकन रॉक अँड रोल गायक बडी हॉली बावीसाव्या वर्षी विमान अपघातात गेला, म्हणूनच एवढा मोठा मानला जातो का?

नाही, अजिबात नाही. अपघाताची तारीख (3 फेब्रुवारी 1959) सगळ्यांना पाठ असते, पण त्याआधीच्या दोन वर्षांत त्याने काय करून ठेवलं ते ऐकायला हवं.

हेडफोन लावून 'एव्हरीडे' ऐका. ड्रम नाहीच त्यात. टप-टप असा जो ताल येतो, तो ड्रमर जेरी अ‍ॅलिसन स्वतःच्या गुडघ्यांवर थापा मारून धरतोय. वर किणकिणतं ते चेलेस्टा (पियानोसारखं, पण घंटांसारखा आवाज देणारं वाद्य), स्टुडिओमालक नॉर्मन पेटीच्या बायकोने वाजवलेलं. 'नॉट फेड अवे'मध्ये तर पुठ्ठ्याचा खोका बडवलाय! हे कळल्यावर मी ते गाणं त्या खोक्यासाठी कितीदा लावलं असेल, मोजदाद नाही.

बडी टेक्सासमधल्या लबकचा. 1956 मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीने त्याला नॅशव्हिलला नेलं, तिथे काही जमलं नाही आणि करार पुढे वाढला नाही. तिथे रेकॉर्ड झालेलं 'दॅट'ल बी द डे' तसंच पडून राहिलं. फेब्रुवारी 1957 मध्ये तेच गाणं त्याने न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसला पेटीच्या स्टुडिओत पुन्हा केलं आणि ते अमेरिकेत व इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पेटी तासाचे पैसे लावत नसे. मला वाटतं, खरी किल्ली हीच. घड्याळाचा धाक नसला की माणूस खोका वाजवून बघतो, आपल्याच आवाजावर आपलाच आवाज चढवून बघतो. 'वर्ड्स ऑफ लव्ह'मध्ये त्याने हेच केलंय.

पुढे पेटीशी फाटलं, पैसे अडकले. हाताशी पैसा हवा म्हणून ऐन हिवाळ्यात तो दौऱ्यावर निघाला. बसचा हीटर बंद, दौऱ्यावरचा ड्रमर कार्ल बंच याच्या पायांना हिमदंश झालेला. म्हणून त्याने विमान ठरवलं. बाकीचं सगळ्यांना ठाऊकच आहे.

त्याच्या नावावर ते मरण चिकटवून टाकतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या दौऱ्याच्या थोडंच आधी, न्यूयॉर्कच्या घरात बसून त्याने टेपरेकॉर्डरवर नवी गाणी करून ठेवली होती. नंतर त्यांवर दुसऱ्यांनी वाद्यं चढवून ती विकली. पण मूळ टेपही ऐकायला मिळतात, नुसती गिटार आणि तो. तुम्ही त्यांपासूनच सुरुवात करा.