जुने भयपट पाहून भीती वाटत नाही, तरी आजचे दिग्दर्शक त्यांचीच नावं का घेतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजचे भयपट बनवणारे दिग्दर्शक मुलाखतीत जुन्या कृष्णधवल चित्रपटांची नावं घेतात, तुम्ही त्यातले दोन पाहिले, भीती सोडा, झोप आली. मग हा प्रभाव खरा की नुसती शेखी? आणि खरा असेल तर कुठले बघावेत, रात्री एकट्याने बघितलेच पाहिजेत का?

शेखी थोडी असतेच. नव्या भयपटाच्या प्रसिद्धीसाठी बसलेल्या माणसाने एखाद्या स्वीडिश मूकपटाचं नाव घेतलं की समोरचाही मान डोलावतो, आणि त्या दोघांपैकी एकाने तरी तो पूर्ण पाहिलाय का, हे विचारायला कोणी जात नाही. म्हणून मी मुलाखतींच्या नादी फारसा लागत नाही. शूटिंग सुरू होण्याआधी दिग्दर्शकाने आपल्या माणसांना काय दाखवलं, हे बघतो. तिथे मिरवायला प्रेक्षक नसतो, कामाशी काम असतं.

स्टॅनली कुब्रिकने ‘द शायनिंग’च्या (१९८०) लोकांना डेव्हिड लिंचचा ‘इरेझरहेड’ (१९७७) दाखवला होता. तो तेव्हा जुनाही नव्हता. दोन चित्रपटांच्या गोष्टीत काडीचं साम्य नाही, पण ‘इरेझरहेड’मध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेतरी यंत्र चालू असल्यासारखी एक घरघर आहे, आणि ती अस्वस्थता कुब्रिकला हवी होती. दारिओ अर्जेंतोने ‘सस्पिरिया’साठी (१९७७) छायाचित्रणकार लुचानो तोवोलीपुढे नमुना म्हणून ठेवला तो डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ (१९३७). लहान मुलांचा! ते भडक लाल-निळे रंग तिथून आलेत. जॉर्डन पीलने ‘अस’च्या (२०१९) आधी नायिका लुपिता न्योंगोला दहा चित्रपटांची यादी दिली, त्यात हिचकॉकचा ‘द बर्ड्स’ही होता आणि ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ हा कोरियन चित्रपटही. यादी कशासाठी, तर सेटवर ‘तसं हवंय’ म्हटलं की ‘तसं’ म्हणजे कसं ते दोघांना कळावं.

या लोकांनी जुन्या चित्रपटांतून भूत उचललं असं मला वाटत नाही, भूत सगळ्यांकडे असतं. त्यांनी उचललं ते अंतर आणि वेळ. कॅमेरा त्या गोष्टीपासून किती लांब ठेवायचा आणि तिथे किती सेकंद थांबायचं. माझ्या मते याचा सगळ्यात मोठा धडा जॅक क्लेटनच्या ‘द इनोसन्ट्स’मध्ये (१९६१) आहे, म्हणून त्याच्यावर जरा जास्त वेळ घालवतो.

हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या लघुकादंबरीवरचा हा चित्रपट. पटकथेवर अमेरिकी लेखक ट्रुमन कपोटीचाही हात आहे. अभिनेत्री डेबोरा कर ही दोन अनाथ मुलांना सांभाळायला एका मोठ्या वाड्यात आलेली शिक्षिका. चित्रपट सुरू होतो तो काळ्या पडद्यावर. चित्र काहीच नाही, फक्त लहान मुलीच्या आवाजातलं एक गाणं, आणि ते इतका वेळ चालतं की आपल्याला वाटतं फाइलमध्येच काहीतरी बिघाड आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चक्क पुढे ढकलला होता. मग तो तळ्याचा प्रसंग. दिवसाउजेडी शिक्षिका आणि ती मुलगी तळ्याकाठी बसल्यात, मुलगी तेच गाणं गुणगुणतेय, आणि पलीकडच्या लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली एक बाई उभी आहे. बस. ती धावून येत नाही, हात करत नाही. आपल्याला तिचा चेहराही नीट दिसत नाही. संगीत किंचाळत नाही. नुसती उभी आहे, आणि एवढ्या लांब उभी आहे की आपण डोळे बारीक करून पडद्याकडे झुकतो. इथे आपण फसतो. दचकवणारा शॉट आपल्याला मागे ढकलतो, हा पुढे ओढतो.

जपानी भयपटकारांच्या बोलण्यात हा चित्रपट वारंवार येतो, आणि का ते कियोशी कुरोसावाचा ‘पल्स’ (२००१) पाहिला की कळतं. त्यातली भूत असलेली बाई खोलीच्या टोकाकडून सावकाश चालत येते, वाटेत एकदा अडखळते आणि पुन्हा सावरते. अंगावर काटा आणतं ते अडखळणं.

‘द इनोसन्ट्स’मधली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्लेटनला हा चित्रपट रुंद सिनेमास्कोप पडद्यावर करायचाच नव्हता, स्टुडिओचा आग्रह होता. एवढ्या आडव्या चौकटीत माणसाचं एकटेपण दाखवायचं कसं? छायाचित्रणकार फ्रेडी फ्रान्सिसने कॅमेऱ्याला लावायच्या फिल्टरच्या दोन्ही कडा हाताने रंगवून काळ्या केल्या. मधोमध मेणबत्ती घेतलेली बाई आणि दोन्ही बाजूंनी अंधार आत सरकतोय. पाहताना वाटतं मुद्दाम आखलेली शैली आहे. मुळात ती नको असलेल्या चौकटीशी केलेली तडजोड होती.

तडजोडीवरून ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (१९६२). याचा दिग्दर्शक हर्क हार्वी कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी शाळांसाठी आणि कारखान्यांसाठी माहितीपट काढणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. कॅलिफोर्नियाहून गाडीने परतताना त्याला युटातल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी सॉल्टएअर नावाचा ओस पडलेला करमणूक-महाल दिसला. तो डोक्यातून जाईना. मग साधारण ३३ हजार डॉलर जमवून त्याने तीनेक आठवड्यांत चित्रपट उरकला. पांढराफटक चेहरा करून नायिकेचा पाठलाग करणारा माणूस कोण, तर हार्वी स्वतः. वेगळा नट परवडत नव्हता म्हणा किंवा हौस म्हणा. त्याने पुढे दुसरा कथापट केलाच नाही.

चित्रपट कच्चा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. काही नटांचं बोलणं ओठांशी जुळत नाही, मधली काही दृश्यं रेंगाळतात. पण त्यात दोनदा असं होतं की नायिका भर वस्तीत असते आणि एकदम सगळा आवाज नाहीसा होतो. लोक चालतायत, बोलतायत, पण ना तिला कोणी बघत, ना तिचं कोणी ऐकत. फक्त तिच्या बुटांचा आवाज. यासाठी खर्च किती आला असेल? शून्य. आवाजाची पट्टी काढून टाकली, एवढंच.

जॉर्ज रोमेरोने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’वर (१९६८) या चित्रपटाचा प्रभाव असल्याचं सांगितलंय आणि ते नुसत्या डोळ्यांनीही दिसतं: तेच पांढरे चेहरे, डोळ्यांभोवती तीच काळी वर्तुळं, तीच झोपेत चालल्यासारखी चाल. मला त्याहून रंजक वाटतं ते हे की रोमेरोही पिट्सबर्गमध्ये जाहिराती आणि औद्योगिक लघुपट करूनच पोट भरत होता. वॉशिंग पावडर आणि सुरक्षिततेचे नियम चित्रित करणाऱ्या माणसाला साधं स्वयंपाकघर, साधा रस्ता, साधं पेट्रोलपंप कसं दिसतं ते पक्कं माहीत असतं. त्यात एकच गोष्ट बिघडवली की पुरतं. आणि एक योगायोग: कॉपीराइटच्या घोळामुळे हे दोन्ही चित्रपट कोणाच्याच मालकीचे राहिले नाहीत. हार्वी-रोमेरोंचं त्यात नुकसान झालं, पण त्यामुळेच ते रात्री-बेरात्री टीव्हीवर फुकट दाखवले गेले आणि पुढच्या दिग्दर्शकांनी नको त्या वयात ते पाहिले.

आता ‘ओनिबाबा’ (१९६४). कानेतो शिंदोचा हा चित्रपट मध्ययुगीन जपानमधल्या युद्धकाळातला. माणसाच्या उंचीहून वाढलेल्या गवतात एक सासू आणि सून राहतात, वाट चुकलेल्या सामुरायांना मारतात आणि त्यांची चिलखतं विकून जगतात. पुढे एक मुखवटा येतो, जो चेहऱ्यावरून निघत नाही. विल्यम फ्रीडकिनने ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये (१९७३) क्षणभर चमकून जाणाऱ्या त्या पांढऱ्या सैतानी चेहऱ्यामागे ‘ओनिबाबा’चा मुखवटा असल्याचं सांगितलं होतं. एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण शिंदो जन्माने हिरोशिमाचा. अणुबॉम्बवर त्याने १९५२ साली चित्रपटही केला होता. मुखवट्याने विद्रूप झालेला चेहरा बॉम्बने भाजलेल्या माणसांचं रूपक आहे, असं त्यानेच सांगितलंय. म्हणजे ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये एका अमेरिकी मुलीच्या खोलीत डोकावणाऱ्या चेहऱ्याचा माग काढत गेलं तर वाट हिरोशिमापर्यंत जाते. फ्रीडकिनच्या मनात हे कितपत होतं, कोण जाणे. प्रभाव असाही प्रवास करतो, घेणाऱ्याला सामानात काय आहे हे न सांगता.

कधी तर मूळ चित्रपट पाहिलेलाही नसतो. जेनिफर केंटच्या ‘द बाबाडूक’मधल्या (२०१४) उंच टोपीवाल्या आकृतीमागे ‘लंडन आफ्टर मिडनाइट’मधला (१९२७) मूकपटांच्या काळातला नट लॉन चेनी आहे. त्या चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत १९६५ साली एमजीएम स्टुडिओच्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाली. उरली ती छायाचित्रं. टोपी, विस्फारलेले डोळे, करवतीसारखे दात. चित्रपट असता तर कदाचित ते पात्र चाललं-बोललं असतं आणि आपण हसलोही असतो. फोटोत ते कायमचं आपल्याकडे बघतंय.

वेस क्रेव्हनचं उदाहरण अनेकदा दिलं जातं, म्हणून उल्लेख करतो: ‘द लास्ट हाउस ऑन द लेफ्ट’ (१९७२) स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या ‘द व्हर्जिन स्प्रिंग’वरून (१९६०) घेतलाय आणि बर्गमनचा चित्रपट एका जुन्या स्वीडिश लोकगीतावरून. ते खरंच आहे, पण तिथे कथानक उचललंय, आणि मला कथानकाची उसनवारी कधीच फार मोठी गोष्ट वाटली नाही.

उलट एक उसनवारी अशी आहे जिचा मला रागच येतो. ‘कॅट पीपल’मध्ये (१९४२) एक बाई रात्री एकटी चाललीय, मागून पावलांचा आवाज, मग तो आवाज बंद. शांतता. ती घाबरून मागे बघते, आणि अचानक फिस्स करून चौकटीत घुसते ती बस! चित्रपटवाले आजही या युक्तीला निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावाने ‘ल्यूटन बस’ म्हणतात. पुढच्यांनी त्यातली फक्त बस घेतली. बसच्या आधीचं चालणं, टाचांची टकटक, दिव्याखालचा उजेड आणि दोन दिव्यांमधला अंधार, हे कोणी घेतलं नाही, कारण त्याला वेळ लागतो. आता दर दहा मिनिटांनी बस येते. ल्यूटनच्याच हाताखाली दिग्दर्शक झालेल्या रॉबर्ट वाइजने मात्र नेमकं उलट केलं. ‘द हॉन्टिंग’मध्ये (१९६३) भूत शेवटपर्यंत दाखवलं नाही. फक्त एक लाकडी दार श्वास घेतल्यासारखं फुगतं.

तुम्हाला झोप का आली असेल याचा माझा अंदाज: आपल्या कानांना बसची सवय लागलीय. जुना चित्रपट शांत झाला की आपण बसची वाट बघतो, ती येत नाही आणि कंटाळा येतो. मलाही आला होता. ‘द इनोसन्ट्स’ पहिल्यांदा मी मधे दोन फोन घेत पाहिला आणि ‘ठीक आहे’ म्हणून बंद केला. चार दिवसांनी भांडी घासताना ती लव्हाळ्यातली बाई आठवली. मग पुन्हा पाहिला, हेडफोन लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

म्हणून सुरुवात ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ने करा, सव्वा तासाच्या आसपासच आहे आणि कच्चेपणामुळे दडपणही येत नाही. मग ‘कॅट पीपल’, तोही तेवढाच. ‘ओनिबाबा’ कुटुंबासोबत बघू नका, त्यात नग्नता बरीच आहे. तुम्ही पाहिलेले दोन कुठले होते ते कळवलंत तर बरं होईल, कारण ‘नोस्फेराटू’ (१९२२) या जर्मन मूकपटापासून सुरुवात केली असेल तर झोप येण्यात तुमची चूक नाही, इंटरनेटवर त्याच्या फार वाईट प्रती फिरतात.

रात्रीची आणि एकटेपणाची अट नाही. तळ्याकाठचा तो प्रसंग उजेडातलाच आहे.