पहिल्यांदा स्केलर हातात घेताना

स्केलर म्हणजे दातांवरचा टार्टर (साठून कडक झालेला थर) खरवडून काढायचं हत्यार. सुरुवातीला हात थरथरतो, घाबरू नकोस. वेगाच्या मागे अजिबात लागू नकोस. तासाभरात चारच दात झाले तरी ते नीट व्हायला हवेत. क्युरेट (हिरडीखाली वापरायचं हत्यार), रूट प्लेनिंग (दाताचं मूळ गुळगुळीत करणं) वगैरे नंतर.

सगळ्यात आधी फिंगर रेस्ट, म्हणजे हाताला आधार म्हणून टेकवलेलं बोट, पक्का कर. अनामिका कोरड्या दातावर, शक्यतो त्याच जबड्यात, काम चाललंय तिथून जवळच टेकव. ओठावर टेकवलीस तर ती घसरते आणि स्केलरचं टोक हिरडीत घुसतं.

मग ब्लेडचा कोन. दाताशी साधारण ७० ते ८० अंश. ४५च्या खाली गेलास की टार्टर निघत नाही, नुसता वरून गुळगुळीत होतो आणि मग प्रोबलाही (चाचपायच्या बारीक सळईलाही) सापडत नाही. हे फार जपायचं.

हमखास होणाऱ्या चुका:

- बोथट स्केलर. जोर लावावासा वाटला की आधी धार बघ.
- अल्ट्रासॉनिकचं (कंपनाने टार्टर काढणाऱ्या यंत्राचं) टोक दातावर उभं धरणं. कड लाव, सतत हलतं ठेव. पाण्याशिवाय कधीच नाही, उष्णतेने दाताच्या आतल्या पल्पला (नसा-रक्तवाहिन्यांच्या मऊ भागाला) इजा होते.
- पेशंटला न विचारता सुरुवात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, पेसमेकर यांपैकी काही असेल तर आधी सरांना किंवा मॅडमना सांग.

सरावाला खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू घे. लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात, म्हणून टार्टर भरपूर साठतो. कापसाचा रोल ठेवून हवेने वाळव. ओला असताना न दिसलेला थर खडूसारखा पांढरा दिसायला लागेल.