आधी विचारा, चिठ्ठीवर काय लिहिलं होतं?

पत्र: मुलगा दहावीत आहे, स्टेट बोर्ड. पूर्वपरीक्षेत भूमितीच्या पेपरला त्याच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. शाळेने त्या पेपरला शून्य दिलं. पहिल्या सत्रात गणितात 78 होते. 90 टक्के पडले तर मोबाईल, असं त्याच्या बाबांनी कबूल केलंय. पुढे सायन्सला घालायचं आहे. शाळेत जाऊन विनंती करू का? मुलगा हाताबाहेर गेला का? – एक आई

नमस्कार ताई,

विनंती करायला जाऊ नका. पूर्वपरीक्षेचे गुण बोर्डाच्या गुणपत्रिकेत येत नाहीत, त्यामुळे या शून्याने त्याचं काही अडणार नाही. हीच चिठ्ठी बोर्डाच्या केंद्रावर सापडली असती, तर निकाल रद्द होण्यापासून पुढच्या परीक्षेला बसायला बंदी येण्यापर्यंत मजल गेली असती. शून्य राहू द्या. शाळेत जा, पण गणिताच्या शिक्षकांना भेटायला. त्यांना एवढंच विचारा: चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलं होतं?

त्रिकोणमितीची सूत्रं असतील, तर ती भीती आहे. पेपर हातात आला की सगळं विसरेन, असं मुलाला वाटतं. दुसऱ्या कुणाच्या अक्षरातली तयार उत्तरं असतील, तर अभ्यासच झालेला नाही आणि मित्रांची संगतही बघावी लागेल. प्रमेयांच्या सिद्धता असतील, तर मुलगा भूमिती पाठ करतोय. माझा अंदाज या तिसऱ्या शक्यतेचा आहे, आणि त्याला कारण ते 78.

हा आकडा फोडून बघा. गणिताच्या शंभरात 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, 40 बीजगणिताचे, 40 भूमितीचे. अंतर्गतला 19, बीजगणितात 35 आणि भूमितीत 24 पडले, तरी बेरीज 78 होते. घरात सगळ्यांना 78 दिसतात, ते 24 कुणालाच दिसत नाहीत. मुलाला मात्र ते ठाऊक असतात. वर 90 ची अपेक्षा आहे, "मला समरूपता कळलेलीच नाही" हे सांगायची सोय नाही, आणि आजूबाजूची चार मुलं बिनधास्त चिठ्ठ्या नेतात. अशा वेळी अभ्यासू मुलगाही कॉपी करतो. त्याने केलं ते चूकच, हे त्याला स्पष्ट सांगा. पण हाताबाहेर गेलेला मुलगा हा नव्हे.

आता पाठांतराबद्दल. गाइड चारदा वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं आणि "झालं माझं" असं मूल प्रामाणिकपणे सांगतं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे तपासलं. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्क्यांच्या आसपास आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्क्यांच्या. परीक्षेच्या आदल्या रात्री नुसतं वाचून आत्मविश्वास येतो तो याच पाच मिनिटांतला, आणि तो सकाळी डळमळला की हात चिठ्ठीकडे जातो.

बोर्डाला साधारण पाच आठवडे उरलेत. एवढे पुरेसे आहेत. पहिल्या रविवारी तोच भूमितीचा पेपर घरी दोन तास लावून सोडवू द्या, चिठ्ठीशिवाय, न रागावता. 14 पडले तरी चालतील, ते त्याचे खरे 14 असतील. प्रत्येक गेलेल्या गुणापुढे त्याने स्वतः लिहायचं: कळलं नव्हतं, आठवलं नाही, की घाईत चुकलं. "कळलं नव्हतं" तेवढंच शिक्षकांकडे न्यायचं.

मग रोज एक प्रमेय. वाचायचं, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आकृती, पक्ष, साध्य, सिद्धता. तेच दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी पुन्हा, पण आकृती फिरवून आणि अक्षरं बदलून. अक्षरं बदलल्यावर अडला, तर ते पाठ केलेलं होतं असं समजा. पायथागोरसच्या प्रमेयात फक्त एक कळावं लागतं: काटकोनातून कर्णावर लंब टाकला की तीन समरूप त्रिकोण मिळतात. त्यावरून प्रत्येक लहान बाजूचा वर्ग म्हणजे कर्ण गुणिले तिच्या लगतचा कर्णाचा तुकडा. दोन्ही वर्गांची बेरीज घेतली की दोन तुकडे मिळून पुन्हा कर्णच, म्हणून कर्णाचा वर्ग. त्रिकोणमितीतही साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर एक, हे एकच लक्षात ठेवायचं. कॉस वर्गाने भागलं की टॅन आणि सेकचं सूत्र येतं, साइन वर्गाने भागलं की कॉट आणि कोसेकचं. तीन सूत्रांची चिठ्ठी कशाला हवी?

मोबाईलची अट बाबांनीच मागे घ्यावी, आणि शिक्षा म्हणून नव्हे. मोबाईल द्यायचा असेल तर निकालाशी न जोडता द्या. 90 चं बक्षीस लावलं की 84 वाल्याला उरलेले सहा गुण कुठून तरी आणायचे असतात.

सायन्सचा निर्णय आत्ता घेऊ नका. अभियांत्रिकीच्या एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत, तिथे पाठ केलेली सिद्धता कामाची नाही. अकरावीच्या भौतिकशास्त्रात सदिश सुरू झाले की साइन-कॉस पहिल्याच महिन्यात लागतात. तेव्हा तीन आठवड्यांनी त्याला सरावसंचातला, पूर्वी न पाहिलेला एक प्रश्न द्या आणि वीस मिनिटं शांत बसू द्या. उत्तर चुकलं तरी चालेल. तो आकृती काढून, काय दिलंय ते लिहून झटत राहिला, तर सायन्सला बिनधास्त घाला. दोन मिनिटांत "हे गाइडमध्ये नाहीये" म्हणून त्याने वही मिटली, तर कॉमर्स आणि तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा या दोन्हींची माहिती आत्तापासून काढा. डिप्लोमाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, मात्र गणित पहिल्याच वर्षी असतं, ते टाळता येत नाही.